चाकावरची जागा

पनवेलच्या एस. टी. गाडीत काशीराम म्हात्रेला उभ्यानं प्रवास करताना कुणी पाहिलेलं नाही. उभ्यानं सोडाच, वाईट जागेवर बसलेलाही कुणी पाहिला नाही. काही माणसं जन्मतानाच गळा घेऊन येतात, काहींना व्यापाराची अक्कल असते. काशीरामला देवानं बूड दिलं होतं, आणि त्या बुडाला काय मानवतं याचं ज्ञानही सोबत दिलं होतं. बाकी काही द्यायला देव विसरला असावा, पण त्याबद्दल काशीरामची कधी तक्रार नव्हती.

खाडीच्या कडेला त्याचं वडिलोपार्जित मिठागर होतं. मीठ पिकवायचं काम ऊन करायचं, वाहायचं काम मजूर आणि घरची बायको करायची, आणि विकायच्या बोलण्याचं काम काशीराम करायचा. त्यासाठी ठाणं, पेण, मुंबई अशी त्याची सारखी ये-जा असे. सरकारी एस. टी. सुरू होण्याआधी खाजगी मोटारी होत्या. त्यांच्या लाकडी बाकांवर त्याचं शिक्षण झालं. एस. टी. आली तेव्हा तो या विषयात पदवीधर होऊन बसला होता, आणि अर्थातच चांगल्या जागेवर बसला होता.

त्याचं शास्त्र साधं होतं. पहिला बाक नको, इंजिनाची धग पोटऱ्यांना लागते. शेवटचा नको, तिथं माणूस बसत नाही, उडतो. मागच्या चाकावरचा तर मुळीच नको. खालचा पत्रा वर आलेला असतो, गुडघे हनुवटीला लागतात आणि रस्त्यातला एकूण एक खड्डा कमरेत शिरतो. तिसरा बाक, डावी खिडकी, ही खरी जागा. सकाळी ठाण्याकडे जाताना ऊन उजवीकडे, संध्याकाळी परतताना पुन्हा उजवीकडे, म्हणजे दोन्ही वेळेची सावली काशीरामची. मधल्या वाटेलगतच्या जागेचं तर त्याच्यापुढे नावही काढायची सोय नव्हती. तिथं बसलं की उभ्या माणसांची कोपरं कानात, कंडक्टरची पिशवी गालावर, आणि कुणा कोळणीच्या म्हावऱ्याच्या पाटीतलं पाणी थेट मांडीवर.

ही जागा मिळवायचं त्याचं हत्यार म्हणजे पंचा. लाल काठाचा, चांगला लांबरुंद. गाडी स्टँडात वळली की काशीराम तिच्या बाजूनं धावत सुटायचा आणि डावीकडच्या तिसऱ्या खिडकीतून पंचा आत फेकायचा. पंचा पडला की जागा त्याची. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण कायद्यात लिहिलेल्या पुष्कळ गोष्टींपेक्षा पनवेलात ते जास्त पाळलं जायचं. मग दारात रेटारेटी चाललेली असताना काशीराम बाहेर बिडी ओढत उभा राहायचा, आणि सगळे चढले की मुलाकडच्या व्याह्यासारखा सावकाश आत शिरायचा.

आता त्याच्याबरोबर त्याची बायको हौसाबाई असली की ती कुठं बसायची, असा एक प्रश्न निघू शकतो. पनवेलात तो कुणी काढला नव्हता, काशीरामनं तर नाहीच. ती गाठोडी सांभाळत रेटारेटीतून चढायची आणि उरेल ती जागा घ्यायची. उरायची ती नेहमी एकच, मागच्या चाकावरची. एकदा मेव्हण्यानं विचारलंच, तेव्हा काशीरामनं त्याला शांतपणे समजावलं की एका पंच्यानं एकच जागा धरता येते, आणि बाईमाणसाला काय, कुणीही सरकून जागा देतं. मेव्हण्याला ते पटलं, कारण त्याच्या घरीही अशीच व्यवस्था होती.

हौसाबाई काही बोलायची नाही. मिठाच्या पाट्या वाहून तिची कंबर आधीच खिळखिळी झाली होती, उरलीसुरली त्या चाकानं नेली. पन्नाशीला येईतो ती जमिनीला हात टेकून उठायला लागली. फार वेळ एका जागी बसली तर कंबर अशी धरायची, की दोघी शेजारणींनी काखेत हात घालून तिला उभी करावी लागे. वैद्यांनी तेल दिलं आणि बजावलं, की एका बैठकीला फार वेळ बसू नका, मधूनमधून उठून चार पावलं चाला. हे ऐकायला काशीराम तिथंच होता. वैद्यांच्या ओसरीवर एकच खुर्ची होती, तिच्यात तो बसला होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा तुळशीराम साठ सालानंतर विलायतेला गेला आणि तिथं कारखान्यात लागला. वर्षभरानं त्याची बायको शकूही गेली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळेला तिथल्या डॉक्टरांनी तिला सक्त झोपून राहायला सांगितलं. शकूला आई नव्हती. तुळशीरामनं पोटाला चिमटा काढून विमानाचं तिकीट धाडलं आणि आईला लवकर पाठवा म्हणून कळवलं.

तिकीट एकच, आणि तेही हौसाबाईच्या नावाचं, हे समजल्यावर काशीराम दोन दिवस जेवताना बोलला नाही. बाळंतपणात आपला नक्की काय उपयोग होईल, याचा त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि उत्तर न आवडल्यामुळे तो विषय सोडून दिला. तिसऱ्या दिवशी त्याला आपलं काम सापडलं. हौसाबाई विमानानं जाणार, पण ती विमानात बसणार कुठं? हे ठरवायला सबंध कुलाबा जिल्ह्यात त्याच्याइतका लायक माणूस नव्हता. तो एकदम कामाला लागला.

खरं सांगायचं तर तो घाबरला होता. हौसाबाई त्याच्याशिवाय ठाण्यापलीकडे कधी गेली नव्हती. एवढ्या लांबच्या प्रवासात तिची कंबर आभाळात धरली तर उचलायला तिथं शेजारणी नव्हत्या, आणि ती तिथं धड पोचली नाही तर शकूजवळ कोण होतं? हे त्याला आतून कुरतडत होतं. पण तो ते बोलणार कसा? म्हणून तो जागेबद्दल बोलायचा. स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, मिठाच्या गोदामात, जिथं तिथं तो विमानातल्या जागेबद्दल बोलायचा. लोक त्याला बघून वाट बदलू लागले, तरी तो बोलायचा.

पनवेलात विमानात बसून आलेला माणूस शोधणं सोपं नव्हतं. शेवटी मोहल्ल्यातले कासमभाई सापडले. ते नैरोबीला भावाकडे जाऊन आले होते, आणि या गोष्टीला चार वर्षं होऊनही अजून त्या प्रवासासाठी शिवलेल्या कोटातच वावरत होते. काशीरामनं त्यांच्या दुकानात गादीचा बरा कोपरा पकडून सगळं सांगितलं, हौसाबाईच्या कमरेसकट.

कासमभाईंनी दाढी कुरवाळली. "पंखाच्या पुढं जागा घ्या, मागं आवाज फार. और भाभीची कमर नाजूक आहे, तर वाटेलगतची घ्या. उठताबसता येतं. खिडकीत बसलं की माणूस अडकला."

यातला पंखाचा भाग काशीरामला पटला. दुसरा भाग ऐकून त्याला कासमभाईंची कीव आली. एवढा नैरोबीपर्यंत गेलेला माणूस, आणि बसायचं कसं ते कळू नये.

"वाटंलगत म्हावऱ्याचं पानी गलतं, कासमभाई," तो समजुतीनं म्हणाला.

विमानात म्हावऱ्याच्या पाट्या नसतात, असं कासमभाईंनी परोपरीनं सांगितलं. काशीरामनं मान हलवली आणि सांगता येत नाही असं म्हणून तो उठला. पाहिलेल्या माणसाचं ऐकायचं आणि वर आपलंच खरं करायचं, एवढी मोकळीक तज्ज्ञाला असावीच लागते.

मग घरी तालीम सुरू झाली. मांडववाल्याकडून खुर्च्या आणून त्यानं ओसरीवर भिंतीला लावून मांडल्या. हौसाबाईला भिंतीकडच्या खुर्चीत बसवलं, भिंत म्हणजे खिडकी. दार उघडलं की धावायचं कसं, पंखाच्या पुढची खिडकी हेरायची कशी आणि पंचा टाकायचा कसा, हे तिला त्यानं करून दाखवलं. हौसाबाई डिंकाच्या लाडवांचा पाक अर्धवट टाकून आली होती. तिनं एवढंच विचारलं, की विमानाच्या खिडक्या उघडतात का. काशीरामनं ओसरीच्या भिंतीकडे पाहिलं आणि मग पंचा बाहेरून न फेकता हातात घेऊनच चढायचं, अशी त्यानं शास्त्रात दुरुस्ती केली.

जायच्या दिवशी सांताक्रूझच्या विमानतळावर पोचल्याबरोबर काशीरामनं पंख्याखालची खुर्ची पकडली आणि मग सामानाकडे पाहिलं. सामानात लाडू, सुंठ, अळीव, तेलाची बाटली आणि फडक्यात गच्च बांधलेले सोडे होते. त्या विमानात म्हावऱ्याची एकच वस्तू चढली, ती म्हात्र्यांची.

तिकिटं बघणारी मुलगी मराठी निघाली. जागा धावत जाऊन धरायची नसते, आपण इथंच लिहून देतो, असं तिनं सांगितलं तेव्हा काशीरामचा चेहरा पडला. पण लगेच तिनं हौसाबाईकडे बघून विचारलं, "आजी, खिडकीजवळ बसाल की वाटेजवळ?"

हौसाबाईचा हात कमरेवर होता. तिनं तोंड उघडलं.

"खिडकी," काशीराम म्हणाला. "पंखाच्या फुडं."

मुलगी तरीही हौसाबाईकडेच बघत थांबली. हौसाबाईनं तोंड मिटलं आणि मान डोलावली. ती लाजली असावी, असं काशीराम धरून चालला. चिठ्ठीवर आकडा पडला आणि त्याला जग जिंकल्यासारखं वाटलं. निघताना त्यानं गळ्यातला पंचा काढून तिच्या हातात दिला आणि बजावलं, की मधे कुठं उठलीस तर जागेवर पंचा टाकून जा, नाहीतर कुणी बसेल.

संध्याकाळ होत आली होती. सज्ज्यातून त्यानं तिला विमानाकडे चालत जाताना पाहिलं. जिन्याच्या पायरीपायरीला ती थांबत होती. दारात ती वळली, पण इतक्या गर्दीत तिला तो कुठला दिसायला. ती आत गेल्यावर काशीरामनं पंखाच्या पुढच्या सगळ्या खिडक्यांना हात केला. कुठलीच खिडकी हलली नाही. विमान उडालं, त्याचा दिवा बारीक होत गेला, तो दिसेनासा झाल्यावरही तो कठड्याला धरून उभाच राहिला. उभं राहून पाय दुखले, हे त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

त्यामुळे व्हायचा तो उशीर झाला. शीवच्या नाक्यावर पनवेलची शेवटची गाडी आली ती मुंबई सेंट्रलहूनच भरून. काशीराम सवयीनं तिच्या बाजूनं धावला, सवयीनं गळ्याकडे हात नेला, आणि पंचा नव्हता. आत चढला तेव्हा सगळी गाडी बसलेली होती. एकच जागा उरली होती.

चाकावरच्या त्या बाकावर काशीराम म्हात्रे त्या दिवशी पहिल्यांदा बसला. गुडघे खरंच हनुवटीला लागले. ठाण्यापर्यंत त्यानं बूड या बाजूचं त्या बाजूला करून पाहिलं. मुंब्र्याला त्यानं पुढच्या बाकाची दांडी धरली. शिळफाट्याच्या पुढं रस्ता फुटलेला होता. तिथं एका खड्ड्यात त्याच्या तोंडून अशी काही किंकाळी निघाली, की शेजारच्या बाईनं आपलं गाठोडं आवरून घेतलं आणि त्याला सरकून जागा दिली. सरकून दिलेली जागा केवढी असते, तेही त्याला कळलं. चार बोटं. या गाडीत, या बाकावर हौसाबाई किती वेळा बसली असेल, हे तो मोजायला गेला आणि मोजवेना म्हणून त्यानं डोळे मिटले. पनवेलला उतरताना त्याला दाराची दांडी धरून खाली पाय टाकावा लागला.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यानं यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की खिडकी मिळाली, पंखाच्या पुढं, आणि आपणच घेऊन दिली. पुढं विलायतेहून शकूला मुलगी झाल्याची आणि दोघी सुखरूप असल्याची खबर आली. लोकांनी पेढे खाल्ले. काशीरामनं त्यांना पेढ्याबरोबर जागेची हकीकतही पुन्हा वाढली, म्हणजे नातीच्या जन्मात त्याचाही वाटा लोकांना कळावा.

पावसाळा संपल्यावर हौसाबाई परत आली. विमानतळाच्या दारातून ती बाहेर येताना काशीरामनं तिला पाहिलं आणि आधी ओळखलंच नाही, कारण ही बाई ताठ चालत होती. नातीच्या नाकाडोळ्यांचं वर्णन ऐकून झालं. मुंबई सेंट्रलला जायला त्यानं टॅक्सी केली, कारण शीवला गाडी भरून येते हे आता त्याला कुणी शिकवायला नको होतं. टॅक्सीत बसल्यावर त्याला राहवेना. जाताना जागा कशी होती, हे त्यानं विचारलंच.

हौसाबाई खोटं बोलायची नाही, फक्त बोलायची नाही. पण या खेपेला ती बोलली. जागा खिडकीजवळ होती, पंखाच्या पुढंच होती. शेजारी दोन साहेब होते, ते बसल्या बसल्या झोपले. त्यांना ओलांडून जायचं कसं आणि उठवायचं कुठल्या भाषेत, म्हणून ती पहिला मुक्काम येईपर्यंत अंग चोरून तशीच बसून राहिली. ना चार पावलं चालली, ना आणखी कुठं गेली. बैरुतला विमान उतरलं तेव्हा कंबर पार धरली होती. विमानातल्या दोघी पोरींनी काखेत हात घालून तिला उभं केलं, तेव्हा तिला रडू आलं. ते साहेब तिथंच उतरले. मग त्या पोरींनीच तिला मोकळ्या झालेल्या तिन्ही जागांवर आडवी केली, म्हणून ती शकूपर्यंत पोचली. येताना तिनं शकूकडून दोन शब्द शिकून घेतले आणि स्वतः सांगून वाटेलगतची जागा मागून घेतली. सगळ्या विमानभर फिरली.

काशीरामनं टॅक्सीची काच खाली केली, पुन्हा वर केली. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आन् खिडकीतनं काय दिसलं?"

"कालोख," हौसाबाई म्हणाली.

डेपोत पनवेलची गाडी लागत होती. काशीरामनं तिच्याकडून पंचा मागून घेतला. त्याला परदेशी साबणाचा वास येत होता. आता पहिल्यासारखं धावता येत नव्हतं, तरी तो धावला आणि पंचा डावीकडच्या तिसऱ्या खिडकीतून बरोबर आत पडला. मग त्यानं हौसाबाईला सांगितलं की ती जागा आज तुझी, तू बस. आपण स्वतः चाकावर बसणार, हे त्यानं त्या रात्रीच्या शेवटच्या गाडीपासूनच ठरवून ठेवलं होतं. या त्यागाची एक बिडी बाहेर ओढून झाल्यावर, सगळे चढल्यावर, तो चेहरा गंभीर करून गाडीत शिरला आणि हौसाबाईकडे न बघता मागच्या चाकाकडे निघाला.

हौसाबाईनं त्याचा सदरा धरला. ती वाटेलगत बसली होती. पंचा तिच्याखाली होता आणि तिथून सरळ खिडकीच्या जागेवरही पसरलेला होता, तरी टोक खाली लोंबत होतं.

"बसा हितं," ती म्हणाली. "विमानात याच्यावर झोपले, तवा कललं केवडा लांब हाय ते. दोन जागा धरल्या असत्या यानं."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती पाय आवरून बाजूला झाली आणि तो तिला ओलांडून आत जाऊन बसला. तिसरा बाक, डावी खिडकी. गाडी सुटली. ऊन नेहमीप्रमाणे उजवीकडे होतं. ठाणं येईपर्यंत काशीराम खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण बाहेरचं त्याला काही दिसत नव्हतं.